आधी डोळे तपासून घे

वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं

(शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या ताई दर महिन्याला वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.)

प्रश्न

ताई, नमस्कार. माझं वय २१. गाव कोरेगाव तालुक्यात, आमच्या रानातून रेल्वेची लाइन दिसते. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केला. वर्गात मुली मोजक्याच होतो. आमच्या विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर बिघडला तर आता वायरमन येत नाही, मीच बघते. बाबा हे चारचौघांत कौतुकानं सांगतातही.

मला रेल्वेत असिस्टंट लोको पायलट, म्हणजे इंजिनाची सहायक चालक व्हायचंय. घरी सांगितलं तेव्हा सगळे हसले. आता हसत नाहीत, कारण स्थळ आलंय. मुलगा चाकणला कंपनीत आहे. माणसं वाईट नाहीत. लग्नानंतर काय परीक्षा द्यायच्या त्या दे, आमची ना नाही, असं त्याची आई म्हणाली. माझ्या आजीची तब्येत बरी नसते, तिला नातीचं लग्न बघायचंय. बाबा म्हणतात, रात्री-अपरात्री इंजिनात बसून लांब जाणारी सून कोण करून घेणार? नंतर स्थळं यायची बंद होतील. आई काहीच बोलत नाही. तुळशीच्या लग्नानंतर साखरपुडा करायचं ठरतंय. लग्न करून अभ्यास होईल का? की भांडून थांबवू?

उत्तर

पोरी, घरच्यांशी काय बोलायचं ते आपण बघूच. पण त्याआधी कोरेगावात नाहीतर साताऱ्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन डोळे तपासून घे.

लोको पायलटच्या भरतीत सगळे पेपर निघाल्यावर रेल्वेची वैद्यकीय तपासणी असते आणि या पदाला ए-वन हा सगळ्यांत कडक दर्जा लागतो. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांनी ६/६ दिसावं लागतं. रंग अचूक ओळखता यावे लागतात. नंबर घालवायला लेसर शस्त्रक्रिया केलेली असेल तर तीही चालत नाही. जागून अभ्यास केलेली, पेपर चांगले गेलेली मुलं-मुली या दारातून परत आलेली मी पाहिली आहेत, आणि तोवर घरात जे भांडायचं ते भांडून झालेलं असतं. म्हणून डॉक्टरला स्पष्ट सांग, रेल्वेच्या ए-वनसाठी बघायचंय, रंगांची तपासणीही करा. जाशील तेव्हा आजीलाही बरोबर घेऊन जा. तिच्या डोळ्यांचंही बघून होईल आणि वाटेत तुम्हा दोघींना बोलायला वेळ मिळेल.

डोळे या दर्जात बसले नाहीत तर रडू येईल, येऊ दे. पण तुझा ट्रेड वाया जात नाही. रेल्वेत टेक्निशियनच्या जागा निघतात, तिथे नजरेची अट एवढी कडक नसते. महावितरणच्या विद्युत सहायक पदाला बारावी आणि इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड असं दोन्ही मागतात. तू दहावीवर आयटीआय केलास, तेव्हा बारावी राहिली असेल तर १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरून देऊन टाक. हे डोळे चांगले निघाले तरी कर.

आता डोळे चांगले आहेत असं धरून बोलते.

बाबांपुढे ‘मला लोको पायलट व्हायचंय’ एवढंच घेऊन जाऊ नकोस. एवढ्याशा वाक्याला नाही म्हणणं सोपं असतं. पूर्ण माहिती घेऊन जा. परीक्षा कशी आहे ते कागदावर लिही. पहिली संगणकावरची परीक्षा ७५ प्रश्नांची, एक तासाची. त्यातून निवडलेल्यांची दुसरी परीक्षा होते. तिच्या पहिल्या भागात १०० प्रश्न असतात, दुसऱ्या भागात ट्रेडवरचे ७५. ट्रेडच्या भागात ३५ टक्के मिळवावेच लागतात, आणि तो तुझा हातचा आहे, मेगरनं इन्सुलेशन तपासणाऱ्या मुलीला त्याची भीती नको. त्यानंतर संगणकावरची अभियोग्यता चाचणी, तिच्या प्रत्येक भागात किमान ४२ गुण लागतात. शेवटच्या यादीत दुसऱ्या परीक्षेच्या पहिल्या भागाला ७० आणि या चाचणीला ३० असा भार असतो. पेपर मराठीतून देता येतो. मुलींना अर्जाची फी २५० रुपये, पहिल्या परीक्षेला बसलं की ती बँकेचा खर्च वजा करून परत मिळते. २०२४ च्या भरतीत जागा वाढत वाढत १८,७९९ झाल्या होत्या, २०२५ च्या जाहिरातीत ९,९७० होत्या. तिच्यात वयाची अट १८ ते ३० होती.

या शेवटच्या आकड्याला सांभाळ. तिशीपर्यंत वेळ आहे ना, मग आधी लग्न उरकू, असं कुणीतरी बैठकीत म्हणणारच.

आणि इथे तुझा खरा प्रश्न येतो. लग्न करून अभ्यास होईल का? मी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं. दुसऱ्या वर्षाला दिवाळीची सुट्टी संपली की मुलींच्या बाकांवर जागा रिकाम्या दिसायला लागायच्या. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे मुलींच्या लग्नांचा हंगाम सुरू होतो, तुला ठाऊक आहेच. त्यांतल्या कितीतरी जणींना सासरच्यांनी पुढे शिकायला हो म्हटलेलं होतं. काही वर्षांनी एसटी स्टँडवर भेटायच्या, कडेवर लेकरू, हातात भाजीची पिशवी. घरच्यांविषयी वाईट बोलायच्या नाहीत. ‘मॅडम, तसं कुणी अडवलं नाही हो, पण जमलंच नाही,’ म्हणायच्या.

हे ‘जमलं नाही’ कसं घडतं ते समजून घे, कारण त्यात कुणी दुष्ट असावं लागत नाही. पहिल्या वर्षी मंगळागौर, दिवाळसण, संक्रांत, दोन्हीकडच्या जत्रा. नव्या सुनेनं पाहुण्यांसमोर पुस्तक घेऊन बसणं बरं दिसत नाही. सकाळी नवऱ्याची पहिली पाळी असली की चारला उठून डबा. संध्याकाळी दोन तास मिळतील असं वाटतं तेवढ्यात गावाकडून सासू-सासरे राहायला येतात. मग वर्ष होतं न होतं तोच पाळण्याची चौकशी. दिलेला शब्द कुणी मोडत नाही. पुस्तक उघडायची वेळ तेवढी येत नाही.

सरकारनं २०१९ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. बायांची ही मिनिटं पाच तासांना एक कमी. एवढाच वेळ रोज मिळाला तर रेल्वेची ती परीक्षा निघते. म्हणून मी म्हणते, तुझं भांडण वेळेसाठी असू दे. आत्ता माहेरी असतानासुद्धा.

एक वही कर. आठवडाभर तुझ्या दिवसाचा हिशेब लिही. धार कोण काढतं, पाणी कोण भरतं, भाकरी कोण थापतं, भावाचं ताट कोण उचलतं, मोटर बघायला रानात किती वेळ जातो. मग ती वही आधी आईला दाखव, एकटीला, तिच्या बरोबर काम करता करता. तुझी आई गप्प आहे याचा अर्थ ती विरोधात आहे असा धरू नकोस. आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यात आईला विचारायची पद्धतच नाही, मग ती बोलणार कुठे? तू विचार. आणि तिच्याकडे नेमकं माग: पहाटेचे दोन तास आणि दुपारचे दोन, या वेळात मला कुणी हाक मारायची नाही. घरातली आई हे देऊ शकते, त्यासाठी तिला बाबांची परवानगीही लागणार नाही. त्या बदल्यात संध्याकाळची कामं तुझी. तू सगळंच सोडून बसलीस असं तिला वाटू देऊ नकोस, तिचे हातही दुखतातच.

मग बाबांशी. त्यांच्या मनात दोन भीती आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत, त्यांना वेड्यात काढू नकोस.

पहिली रात्रीची. ही नोकरी अवघड आहेच. बोलावणं कधीही येतं. मालगाडी सिग्नलला तासन् तास उभी राहते. दुसऱ्या टोकाला उतरलं की रनिंग रूममध्ये विश्रांती घ्यायची, घरी नाही. अजूनही कितीतरी इंजिनांत स्वच्छतागृह नाही, आणि त्यासाठी बायकाच नव्हे, सगळेच लोको पायलट वर्षानुवर्षं मागणी करत आलेत. हे बाबांपासून लपवून ‘काही होत नाही’ म्हणू नकोस. त्यांना घेऊन मिरज जंक्शनला जा. ड्यूटीवरून उतरलेल्या एखाद्या लोको पायलटला चहा पाजा आणि बाबांनाच प्रश्न विचारू दे. ऐकीव भीतीपेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्या अडचणी माणूस लवकर पेलतो. मुली ही नोकरी करतात की नाही, हेही तिथेच कळेल.

आणि त्यांना सुरेखा यादव यांच्याविषयी सांग. आपल्याच सातारा जिल्ह्याच्या. वडील शेतकरी. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून १९८० च्या दशकाच्या अखेरीला त्या रेल्वेत सहायक चालक झाल्या, तेव्हा देशात त्या पदावर दुसरी बाई नव्हती. २०११ च्या ८ मार्चला त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, बोरघाटातून. २०२३ च्या मार्चमध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. २०२५ च्या सप्टेंबरात निवृत्त झाल्या. नोकरी आधी लागली, लग्न नंतर झालं, दोन मुलगे झाले. ‘असली सून कोण करून घेणार’ या प्रश्नाचं उत्तर साताऱ्यातच आहे, आणि ते त्या काळातलं आहे जेव्हा गावात मुलगी सायकलवर बसली तरी माणसं थांबून बघायची.

दुसरी भीती स्थळं आटतील ही. ही तुझ्या बाबांच्या तरुणपणातली भीती आहे. आज आपल्या भागात कुठल्याही गावच्या पारावर जाऊन बसा, तिशी ओलांडलेली, शेती असलेली, घर बांधलेली मुलं बिनलग्नाची आहेत. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू मुलं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेली होती, मुली मिळत नाहीत म्हणून. अशा दिवसांत सरकारी नोकरीतल्या मुलीला स्थळ येणार नाही, हे बाबांना तरी खरं वाटतं का, विचार.

आता त्या मुलाचं. तू त्याच्याशी स्वतः बोल, त्याच्या आईशी नाही. आणि ‘तुमचा पाठिंबा आहे ना?’ असं विचारू नकोस, त्याला सगळेच हो म्हणतात. असं विचार: चाकणला आपण एका खोलीत राहणार, तर मी कुठे बसून अभ्यास करायचा? तुमची रात्रपाळी असली की दिवसा खोलीत दिवा लावायचा नाही, तेव्हा काय करायचं? परीक्षेचं केंद्र परराज्यात आलं तर बरोबर कोण येईल? निवड झाली तर मला काही महिने प्रशिक्षणाला जावं लागेल आणि नंतर भुसावळ मिळेल की सोलापूर ते माझ्या हातात नाही, मग तुम्ही काय कराल? मूल कधी, हे कोण ठरवणार? तो थांबून, विचार करून उत्तरं देत असेल तर मुलगा चांगला आहे. ‘ते तेव्हाचं तेव्हा बघू’ असं म्हणाला तर तुला उत्तर मिळालं.

घरात मागणी एकच ठेव. साखरपुडा आत्ता नको. पुढची जी भरती निघेल तिचा निकाल लागेपर्यंत थांबा. त्यांना दिवस मोजता येतील अशी मुदत दे, म्हणजे ‘पोरगी लग्नालाच नाही म्हणतेय’ असा बोभाटा होणार नाही. मुलाला खरंच तू हवी असशील तर तोही थांबेल. आणि निवड झाली नाही तर काय, हेही तूच आधी सांग, पण ‘मग तुम्ही म्हणाल तिथे करते’ असा शब्द चुकूनही देऊ नकोस. ‘मग मी सातारा एमआयडीसीत अप्रेंटिस लागते आणि पुढच्या भरतीचा अभ्यास स्वतःच्या पैशानं करते,’ असं सांग.

आजीसाठी वाईट वाटणं साहजिक आहे. पण तिच्या आजारपणाला औषध तुझं लग्न नाही, हे घरातल्या सगळ्यांना मनातून माहीत आहे. तिच्याजवळ बस, तिला इंजिनाविषयी सांग. जुन्या बाया आपल्याला वाटतात त्याहून धीट असतात.

आणि जर गोष्ट मारझोडीवर किंवा कोंडून ठेवण्यावर गेली, तर तू २१ वर्षांची आहेस, तुझ्या संमतीशिवाय तुझं लग्न लावायचा अधिकार कुणालाही नाही. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण असतं, तिथे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. तुझ्या बाबांविषयी तू जे लिहिलंस त्यावरून तशी वेळ येईल असं मला वाटत नाही. मुलीनं स्टार्टर दुरुस्त केला हे चारचौघांत सांगणारा बाप आहे तो.

प्रश्न

ताई, मी इचलकरंजीत कांड्या भरायचं काम करते. नवरा मागावर आहे. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली, सीईटीही चांगली गेली. पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजला नंबर लागेल म्हणते. आमचा दाखला ओबीसीचा आहे. नवऱ्याचं म्हणणं, धाकटा दहावीला आहे, पैसा त्याच्यासाठी ठेवू, मुलीला इथेच बी.कॉम. करू दे, ती काय परक्याचं धन. मुलगी लहान असताना, २०१५ साली, पोस्टात सुकन्याचं खातं काढलंय, पोटाला चिमटा काढून भरलंय. ते मोडू का? जाऊबाई म्हणतात, लग्नाच्या पैशाला हात लावलास तर पुढे तोंडात मारून घेशील.

उत्तर

बाई, आधी फीची भीती घालवू. राज्य सरकारनं जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला आणि त्या शैक्षणिक वर्षापासून लागू केला: ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या ज्या मुली सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जातात आणि ज्यांच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. खासगी विनाअनुदानित कॉलेजलाही हे लागू आहे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर मात्र नाही. तेव्हा कुणी ओळखीचा माणूस ‘थेट सीट करून देतो’ म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका.

कागद आत्ताच गोळा करा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणी. शेवटच्या कागदाला वेळ लागतो आणि त्याच्यामुळेच मुलींचे प्रवेश अडकतात, म्हणून तिथून सुरुवात करा. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज दर वर्षी नव्यानं भरायचा असतो, हे मुलीला बजावून सांगा.

राहतो तो पुण्यात राहण्या-जेवणाचा खर्च. फीमाफीत तो धरलेला नाही. ओबीसी मुलींसाठी सरकारी वसतिगृहं आहेत आणि तिथे जागा मिळाली नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेतून रक्कम मिळते. कोल्हापूरच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात जाऊन दोन्हीची चौकशी करा. एक दिवसाची मजुरी बुडेल, पण जाच.

आता सुकन्या. खातं मोडायचं नाही, त्यातून काढायचं. मुलगी १८ वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की, उच्च शिक्षणासाठी मागच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीला जेवढी शिल्लक होती तिच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. प्रवेशाचं पत्र किंवा फीची पावती पोस्टात दाखवावी लागते. पाच वर्षांपर्यंत हप्त्याहप्त्यानंही काढता येते. उरलेली निम्मी तशीच व्याजावर राहते. म्हणजे जाऊबाईंच्या शब्दाचाही मान राहतो. आणखी एक गोष्ट नवऱ्याला सांगा: मुलगी १८ वर्षांची झाली की त्या खात्याचा व्यवहार तीच करते. तो पैसा तिचा आहे. लग्नासाठीच वापरायचा असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, ते आपण आपल्या मनानं ठरवलं.

सगळी निम्मी रक्कम एकदम मिळत नाही, प्रवेशाच्या पत्रात किंवा फीच्या पावतीत कॉलेजनं जेवढा खर्च दाखवलाय तेवढीच काढता येते. पहिल्या वर्षाची खानावळ, एक साधा लॅपटॉप, यांचा हिशेब मुलीकडून वेगळा लिहून घ्या.

परक्याचं धन या बोलण्याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या नवऱ्याचा राग म्हणून नाही, त्याच्या कानावर लहानपणापासून हेच पडलं असणार. पण महाराष्ट्रानं १९९४ सालीच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मानं हक्क दिला, २००५ मध्ये तो सगळ्या देशाला लागू झाला. कायद्याच्या नजरेत ती तीस वर्षांहून अधिक काळ घरचीच आहे. आणि मागाच्या धंद्याची आज काय गत आहे ते तुमच्या नवऱ्याहून जास्त कुणाला माहीत? धाकट्याला चार वर्षांनी पैसा लागेल तेव्हा घरात कमावणारी इंजिनीअर बहीण असेल, हा हिशेब त्याच्यासमोर ठेवून बघा. माणूस मागावर काम करणारा आहे, हिशेब त्याला कळतो.

धाकट्यालाही या बोलण्यात बसवा. मुलग्यांना आपण विचारत नाही, आणि मग त्यांच्या नावानं बहिणींच्या वाटा बंद करतो. त्याला काय वाटतं ते त्याच्या तोंडून येऊ दे.

प्रश्न

मी माण तालुक्यातला, अकरावीला आहे. माझी दीदी पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे रस्त्यावर पळते. बाइकवरून जाणारी काही पोरं तिच्या मागे गाडी हळू चालवून काहीबाही बोलतात. एकानं व्हिडिओ काढला. ते अप्पांना कळलं आणि त्यांनी दीदीचं पळणंच बंद केलं. मी त्या पोरांना गाठून मारू का?

उत्तर

मारू नकोस बाळा. मारलंस तर केस तुझ्यावर होईल, आणि तुझ्या दीदीच्या पळण्याची चर्चा गावात आणखी महिनाभर चालेल.

उद्यापासून तू तिच्याबरोबर पळ. पुढे नाही, तिला राखायलाही नाही, शेजारून. पहिल्या आठवड्यात तुला दम लागेल आणि तिला नाही, ते बघून तुला तिच्या तयारीची किंमत कळेल. तालुक्यात भरतीची तयारी करणाऱ्या आणखी मुली असतील, त्यांनाही विचारा. चारपाच जणी एकत्र पळायला लागल्या की बाइकवाल्यांची जीभ आपोआप आखडते. रस्ता सोडा, हायस्कूलचं मैदान मागा. मुख्याध्यापकांकडे जाताना अप्पांना बरोबर ने.

अप्पांना मी हेच म्हणेन की गुन्हा त्या पोरांचा आणि शिक्षा तुमच्या लेकीला, हे बरोबर नाही. मुलीच्या मागे मागे फिरणं, ती नको म्हणत असताना तिचा पिच्छा पुरवणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा. आधी पोलीस पाटलांकडे जा, नाही थांबलं तर ठाण्यात. जी मुलगी उद्या खाकी घालणार तिच्या घरच्यांनी ठाण्याची पायरी चढायला लाजू नये.

आणि मोही तुमच्याच तालुक्यातलं गाव. तिथली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरची अंतिम फेरी गाठणारी १९८४ च्या पी. टी. उषानंतरची ती पहिली भारतीय बाई. पुढे ती उपजिल्हाधिकारी झाली. माणच्या मातीत पळणाऱ्या मुलीला नावं ठेवणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं नाही. अप्पांनाही ठाऊक असेल, तू फक्त आठवण करून दे.

घरातलंही एक काम तुझ्याकडे घे. पहाटे पळून आल्यावर दीदी थेट पाण्याच्या खेपा करत असेल, तर त्या खेपा आता तुझ्या. तेवढ्या वेळात ती अभ्यासाला बसेल, कारण लेखी परीक्षा १०० गुणांची आहे आणि मैदानी ५० ची. मैदानीत मुलींना ८०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. नुसतं लांब पळत बसलेल्या मुली गोळ्यात मार खातात. मुलींचा गोळा ४ किलोचा असतो, शाळेच्या क्रीडा शिक्षकांकडे मागा, आणि आठवड्यातले तीन दिवस तरी पळून झाल्यावर त्याचा सराव ठेवा.